वाजतंय म्हणजे चालू आहे!

मंडळी, एक साधा प्रयोग करून बघा. या आठवड्यात कुठल्याही मॉलमध्ये, मल्टिप्लेक्समध्ये, मोठ्या देवळात किंवा आयटी पार्कात जाल, तेव्हा दारातल्या मेटल डिटेक्टरच्या चौकटीपाशी दोन मिनिटं बाजूला उभे राहा आणि मोजा. किती माणसं आत गेली? कितींसाठी यंत्र वाजलं? आणि वाजल्यावर त्यातल्या कितींना कुणी थांबवलं?

मी गेले काही महिने हा उद्योग करतोय. (हो, शनिवारी दुसरं काही काम नसतं.) उत्तर जवळजवळ प्रत्येक ठिकाणी एकच येतं: सगळे गेले, सगळ्यांसाठी वाजलं, कुणालाच थांबवलं नाही. थांबवलंच तर कुणाला, हा वेगळा आणि जास्त चीड आणणारा विषय आहे. त्याच्याकडे येतोच.

माझं म्हणणं सरळ आहे. प्रत्येकासाठी वाजणारा डिटेक्टर हा बंद डिटेक्टरपेक्षा वाईट असतो. तो नीट लावा, नाहीतर उचलून भंगारात घाला. आणि नीट लावायला नवीन मशीन लागत नाही, लाखो रुपये लागत नाहीत. एक दुपार लागते, एक टेबल लागतं, आणि आपण नेमकं काय शोधतोय हे ठरवायची तयारी लागते. ही तिसरी गोष्टच आपल्याकडे कुणाला नको असते, म्हणून हा लेख.

आमच्या हापिसाच्या इमारतीतल्या गार्डला मी एकदा विचारलं, "मामा, हे सारखं का वाजतं?" मामा शांतपणे म्हणाले, "साहेब, वाजतंय म्हंजी चालू हाय. वाजायचं थांबलं तर कंप्लेंट करायची, असं सांगितलंय."

मामांची काही चूक नाही. त्यांना तसंच सांगितलंय. पण या एका वाक्यात आपल्या सगळ्या 'सिक्युरिटी'चं सार आलंय. यंत्राचा आवाज म्हणजे यंत्राचं काम, अशी आपण समजूत करून घेतली आहे. फ्रीज गुरगुरतोय ना, मग आत थंड असेलच.

आता जरा इंजिनियरच्या भाषेत. क्लॉड शॅननने १९४८ साली माहिती मोजायची कशी हे सांगितलं. त्यातली सगळ्यात सोपी गोष्ट ही, की जी घटना शंभर टक्के घडणारच आहे तिच्यातून मिळणारी माहिती शून्य. डिटेक्टर जर दर माणसामागे वाजत असेल, तर त्याच्या वाजण्यातून गार्डला काहीही कळत नाही. आपल्या कोडमध्ये कुणी असं फंक्शन लिहिलं, की आत काहीही द्या, ते 'ट्रू'च परत करणार, तर रिव्ह्यूमध्ये त्याची काय हालत करू आपण? तेच फंक्शन लोखंडी चौकटीत बसवून, वर लाल दिवे लावून दारात उभं केलं की आपण बॅग खांद्यावर टाकून त्यातून गपचूप जातो.

आता यंत्र काय करतं ते थोडक्यात बघू, नाहीतर पुढचा मुद्दा कळणार नाही.

चौकटीच्या दोन्ही बाजूंच्या फळ्यांत तारांची वेटोळी, म्हणजे कॉइल्स असतात. एका बाजूची कॉइल सेकंदाला शेकडो वेळा छोटे छोटे विजेचे झटके देते. त्यामुळे चौकटीत चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि लगेच विझतं. मध्ये धातू असला की त्या बदलत्या क्षेत्रामुळे धातूत प्रवाह फिरायला लागतो, एडी करंट. त्या प्रवाहाचं स्वतःचं इवलंसं क्षेत्र असतं आणि ते विझायला जरा वेळ लागतो. समोरची कॉइल हा उशिरा विझणारा प्रतिध्वनी ऐकते. झालं. बारावीचं फिजिक्स आहे, फॅराडे आणि लेन्झ. यापलीकडे जादू नाही.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, यंत्राला शस्त्र दिसत नाही, धातू दिसतो. दुसरी, त्याला वजन कळत नाही. धातू किती मोठा आहे, त्याचा आकार कसा आहे, तो आडवा आहे की उभा, वीज किती सहज वाहून नेतो, यावर सिग्नल ठरतो. बंद गोल आकारात प्रवाह मस्त फिरतो, म्हणून हातभर बांगड्या घातलेल्या आजी वजनाच्या मानाने बऱ्याच जोरात 'वाजतात'. उलट, काही प्रकारचं स्टेनलेस स्टील चुंबकाला चिकटत नाही आणि वीजही फार चांगली वाहत नाही, त्यामुळे तसल्या स्टीलचा पातळ सुरा पकडणं साध्या लोखंडी सुरीपेक्षा अवघड जातं.

आता मुख्य गोम. सकाळी नऊ वाजता कुठल्याही आयटी पार्कात शिरणाऱ्या माणसाकडे काय काय असतं? पाठीवर सॅक. सॅकमध्ये लॅपटॉप, स्टीलचा डबा, पाण्याची बाटली, चार्जर, पावसाळा असेल तर छत्री. खिशात मोबाइल, गाडीची किल्ली. कमरेला पट्टा. आणि हे सगळं अंगावर घेऊनच तो चौकटीतून जातो, कारण बॅग ठेवायला दुसरीकडे जागाच नाही.

लॅपटॉप, डबा आणि छत्री यांचा मिळून जो सिग्नल होतो, त्यात पिस्तुलाचा सिग्नल सहज झाकून जातो. म्हणजे सेन्सिटिव्हिटी इतकी कमी केली, की ही भरलेली सॅक न वाजता जाईल, तर पिस्तूलही न वाजता जाईल. आणि पिस्तूल पकडण्याइतकी ठेवली, तर प्रत्येक सॅक वाजणार. नॉब कुठेही फिरवा, मधली जागा सापडतच नाही, कारण ती नाहीच. जोवर बॅग माणसाबरोबर चौकटीतून जाते आहे, तोवर जगातलं सगळ्यात महागडं मशीनसुद्धा एवढंच सांगेल की या माणसाकडे डबा आहे. ते आपल्याला माहीत होतं. आपण मराठी माणसं आहोत.

विमानतळावरचा डिटेक्टर शहाणा का वाटतो? तो वेगळ्या फिजिक्सवर चालत नाही. तिथे आधी ट्रे असतो. बॅग, लॅपटॉप, मोबाइल, पट्टा, सुटे पैसे ट्रेमध्ये. ट्रे एक्स-रे मशीनमध्ये. मग उरलेला माणूस चौकटीत. आणि त्यानंतरही आपल्याकडे सीआयएसएफचा जवान हातातला डिटेक्टर फिरवून तपासतोच. म्हणजे चौकट हा तीन पायऱ्यांपैकी एक टप्पा आहे. आपण मधली पायरी तेवढी उचलून मॉलच्या दारात आणून ठेवली आणि वर म्हणतो, 'एअरपोर्टसारखी सिक्युरिटी'.

आजूबाजूच्या धातूमुळे यंत्र वेडं होतं हा काही नवा शोध नाही. मेटल डिटेक्टरची पहिली गाजलेली फजिती याचीच आहे. २ जुलै १८८१ ला अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर वॉशिंग्टनच्या रेल्वे स्टेशनात गोळ्या झाडल्या. एक गोळी शरीरात राहिली आणि डॉक्टरांना ती सापडेना. टेलिफोनवाला अलेक्झांडर ग्रॅहम बेल तिथे स्वतः बनवलेलं यंत्र घेऊन गेला. प्रयोगशाळेत यंत्र छान चाललं होतं. गारफिल्ड यांच्या अंगावर फिरवलं, तर नुसता गोंधळ. नंतर कळलं की गादीत पोलादी तारा होत्या. त्या काळी ती नवी चैनीची गोष्ट होती, त्यामुळे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. त्यात मुख्य डॉक्टर ब्लिस यांची खात्री, की गोळी उजव्या बाजूला आहे, म्हणून तपासणी त्यांनी उजवीकडेच करू दिली. १९ सप्टेंबरला गारफिल्ड वारले. गोळी निघाली डाव्या बाजूला.

गोष्ट मजेशीर नाही, पण नीट बघा. यंत्र चांगलं होतं. शोधणारा हुशार होता. चुकलं काय? आजूबाजूचा धातू बाजूला केला नाही, आणि कुठे शोधायचं हे मोठ्या साहेबाने आधीच ठरवलं होतं. आज दीडशे वर्षं होत आली आणि आपल्या दारांत अजून याच दोन चुका उभ्या आहेत.

आता प्रश्न असा, की आपल्याकडच्या मशीन्स सरसकट वाजतात का? सॅकचा मुद्दा सोडा. नुसत्या मोबाइलला, नुसत्या किल्लीला का वाजतात? याचं उत्तर मला एका इमारतीत मशीन बसवताना बघून मिळालं. बसवणारा मुलगा आला, प्लग लावला, स्वतःच्या खिशातली किल्ली हातात धरली आणि चालत गेला. पीं! ॲडमिनवाले खूश. "किल्ली पण पकडतो बघा!" सही झाली, मुलगा गेला. वर्षभराने मेंटेनन्सवाला आला, त्यानेही तीच परीक्षा घेतली. पीं. ओके. सही.

लक्षात येतंय का? मशीन पास झालं ते किल्ली पकडून. म्हणजे 'चांगलं मशीन' याची आपली व्याख्या 'किल्लीला वाजणारं मशीन' अशी ठरली. डेमोचं सेटिंग तसंच्या तसं प्रॉडक्शनमध्ये गेलं. आपल्या धंद्यात असं कुणी केलं तर त्याला रात्री दोन वाजता फोन जातो. इथे कुणाला फोन जात नाही, कारण बिघाड दिसतच नाही. त्यानंतर त्या मशीनचं एकच सेटिंग लोक बदलतात, आवाजाचं. रिसेप्शनवाल्या मॅडमचं डोकं दुखतं म्हणून.

अमेरिकेतल्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ जस्टिसने २००३ साली अशा चौकटींसाठी एक मानक काढलं. त्यात पकडायच्या वस्तूंचे मोठ्या, मध्यम आणि लहान असे वर्गच केलेत. पिस्तूल मोठ्या वर्गात. हातकडीच्या किल्लीसारख्या वस्तू लहान वर्गात. याचा अर्थ समजून घ्या. हातकडीची किल्ली पकडणारं सेटिंग तुरुंगासाठी असतं. तिथे माणसं मोजकी, वेळ भरपूर. मॉलमध्ये रविवारी संध्याकाळी तुरुंगाचं सेटिंग लावलं तर दुसरं काय होणार? बोंबलणारच ते.

तर करायचं काय? नुसती टीका करून पळून जायचं नाही, म्हणून यादी देतो. बहुतेक मशीनच्या मॅन्युअलमध्ये यातलं बरंच काही असतं. मॅन्युअल कपाटात असतं. कपाटाची किल्ली मागच्या ॲडमिन मॅनेजरकडे असते. :-)

१. जागा. चौकट लोखंडी शटर, लिफ्ट, सरकता जिना, ग्रिलचा दरवाजा यांच्यापासून जमेल तेवढी लांब. स्थिर धातू एक वेळ चालतो, यंत्र त्याची सवय करून घेऊ शकतं. हलणारा धातू अजिबात नको. चौकट पायात पक्की हवी. धक्का लागला की डुगडुगणारी चौकट आपोआप वाजते. गार्डची लोखंडी खुर्ची फळीला टेकवलेली मी तीन ठिकाणी पाहिली आहे.

२. शेजारी. दोन चौकटी शेजारी शेजारी असतील तर एकीचे झटके दुसरीला ऐकू जातात. त्यासाठी मशीनमध्ये फ्रिक्वेन्सी किंवा चॅनल बदलायची सोय असते. दोघींना वेगवेगळे चॅनल द्या, किंवा एकमेकींशी जुळवून घ्या. जाड केबल, मोटर, एक्स-रेचा पट्टा यांचाही त्रास होतो.

३. रिकामी परीक्षा. कुणीही जात नसताना पंधरा मिनिटं बघत बसा. एकदाही वाजता कामा नये. वाजलं तर पहिले दोन मुद्दे परत वाचा. इथे सेन्सिटिव्हिटीला हात लावायचा नाही.

४. खाली हात. अंगावर धातू नसलेला माणूस वीस वेळा चालवा. पट्टा नाही, घड्याळ नाही, पोलादी टोकाचे बूट नाहीत. वीसही वेळा शांतता हवी.

५. खरी परीक्षा. पिस्तुलाच्या तोडीचा टेस्ट पीस मागवून घ्या. तो घोट्यापाशी, कमरेला, काखेत, डोक्याच्या उंचीवर, आडवा, उभा, डावीकडून, उजवीकडून, मधोमध असा न्या. मधोमध जाणं विसरू नका. तिथून दोन्ही फळ्या लांब पडतात, म्हणून तिथे सिग्नल बहुधा सगळ्यात कमजोर असतो. ज्या सगळ्यात कमी सेन्सिटिव्हिटीला टेस्ट पीस प्रत्येक वेळी वाजतो, तिथे थांबा. 'जास्तीत जास्त' नको, 'पुरेशी कमीत कमी' हवी. हा सगळा लेख या एका वाक्यासाठी लिहिलाय असं समजा.

६. झोन. बऱ्याच मशीनमध्ये उंचीनुसार वेगवेगळे झोन असतात आणि प्रत्येकाची सेन्सिटिव्हिटी वेगळी ठेवता येते. जमिनीतल्या सळयांमुळे खालचा झोन हमखास वेगळा वागतो. तेवढा एक झोन सुधारायचा सोडून लोक सगळं मशीनच खाली आणतात.

७. कुलूप. झालं की पासवर्ड बदला. कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच ठेवायचा नाही. आकडे वहीत लिहा. आणि रोज सकाळी टेस्ट पीस घेऊन एक फेरी, वहीत सही. दोन मिनिटांचं काम.

आणि आता मशीनपेक्षा महत्त्वाच्या वस्तू. एक, टेबल आणि चार प्लास्टिकचे ट्रे. चौकटीच्या बाजूला, आत नाही. बॅग टेबलावरून जाईल, मोबाइल आणि किल्ली ट्रेमधून. बॅग उघडून बघायला एक वेगळा माणूस. दोन, हातातला डिटेक्टर, बॅटरीसकट. यातला बॅटरीसकट हा शब्द महत्त्वाचा. मी विचारलेल्या चार गार्डपैकी दोघांच्या हातातली काठी मुकी होती. ते ती अंगावरून नुसती फिरवत होते, आरती ओवाळल्यासारखी. तीन, जमिनीवर एक पिवळी पट्टी, 'इथे थांबा' म्हणून. दोन माणसं एकदम शिरली तर वाजलं कुणासाठी हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

"पण एवढा वेळ कुणाकडे आहे?" हा आक्षेप येणारच. चला, हिशेब करू. समजा सकाळच्या दोन तासांत ४,००० माणसं आत जातात. वाजलेल्या प्रत्येकाला हाताने तपासायला समजा २० सेकंद. यंत्र ९० टक्के लोकांना वाजत असेल, तर ३,६०० गुणिले २० म्हणजे ७२,००० सेकंद. वीस तास! दोन तासांच्या कामासाठी दहा गार्ड फक्त हात फिरवायला. ते कुणी ठेवणार नाही, म्हणून कुणालाच तपासलं जात नाही. आता ट्रे ठेवा, सेटिंग नीट करा आणि समजा वाजण्याचं प्रमाण १० टक्क्यांवर आलं. ४०० गुणिले २० म्हणजे ८,००० सेकंद. सव्वादोन तासांच्या आत. दोन गार्डना आरामात जमेल. बॅगांच्या टेबलाला वेगळी माणसं लागतील हे मान्य. पण तिथे निदान ती काहीतरी बघत असतील. म्हणजे वेळ नाही ही अडचण मुळात सेटिंगनेच तयार केली आहे.

दुसरा आक्षेप, "नुसत्या असण्यानेही धाक बसतो हो." कुणाला? ज्याला खरंच काही घेऊन जायचंय, तो आपल्यासारखाच बाजूला उभा राहून दोन मिनिटं मोजेल. त्याला उत्तर मिळेल: सगळ्यांसाठी वाजतं, कुणी बघत नाही. शांत असलेलं यंत्र आपल्यासाठी वाजेल याची भीती असते. सतत वाजणाऱ्या यंत्रात लपायला तर जागाच जागा. २६ नोव्हेंबर २००८ ला सीएसटीत शिरलेल्या दोघांची शस्त्रं पाठीवरच्या बॅगांतच होती. १३ फेब्रुवारी २०१० ला पुण्यात जर्मन बेकरीत स्फोट झाला, तोही बेवारस ठेवलेल्या बॅगेतल्या बॉम्बचा. उघड्या गोळीबारापुढे कुठलीही चौकट टिकणार नाही, आणि मेटल डिटेक्टर स्फोटकं ओळखत नाही, हे मला मान्य आहे. पण दोन्हीकडे बॅग होती. आणि आपण अजूनही बॅग न उघडता चौकटीतून घालवतोय, या गोष्टीला धाक म्हणायचं?

तिसरा आक्षेप सगळ्यात आवडता: "गार्ड लक्षच देत नाहीत." थांबा जरा. २००५ साली 'नेचर'मध्ये जेरेमी वुल्फ आणि सहकाऱ्यांचा एक प्रयोग छापून आला होता. लोकांना पडद्यावरच्या गर्दीतून ठरावीक वस्तू शोधायला सांगितली. ती वस्तू निम्म्या वेळा असेल, तेव्हा लोक ७ टक्के वेळा चुकले. तीच वस्तू शंभरात एकदाच असेल, तेव्हा चुकण्याचं प्रमाण ३० टक्क्यांवर गेलं. तेच डोळे, तीच माणसं. क्वचित सापडणारी गोष्ट मेंदू शोधणं सोडून देतो. आपल्या गार्डला तर शंभरात काय, आख्ख्या नोकरीत एकदाही पिस्तूल सापडणार नाही. (देवाची कृपा.) त्यात बारा तास उभं राहायचं आणि कानाशी सतत पीं पीं. तुमच्या मेलबॉक्समध्ये रोज चारशे अलर्ट येतात तेव्हा तुम्ही काय करता? रूल लावून फोल्डरमध्ये ढकलता. मामांकडे फोल्डर नाही, म्हणून ते कान बंद करतात.

खासगी सुरक्षा एजन्स्यांसाठी २००५ चा केंद्राचा कायदा आहे. त्याखालच्या २००६ च्या नमुना नियमांत गार्डसाठी १०० तास वर्गातलं आणि ६० तास प्रत्यक्ष प्रशिक्षण सांगितलं होतं, आणि तपासणीची उपकरणं वापरणं हा त्यातला एक विषय होता. मी ज्या ज्या गार्डशी बोललो, त्यातल्या एकालाही कुणी मशीनचा टेस्ट पीस दाखवलेला नव्हता. एकाने विचारलं, "ते काय असतं?" त्याला दोष द्यायला आपली जीभ कशी रेटते?

आणि आता तो सुरुवातीला बाजूला ठेवलेला मुद्दा. थांबवतात कुणाला?

यंत्राने निवड करायची सोडली की निवड माणसाला करावी लागते. सगळेच वाजतायत, सगळ्यांना थांबवता येत नाही, पण कुणालाच थांबवलं नाही तर सुपरवायझर ओरडतो. मग गार्ड कुणाला थांबवेल? गळ्यात आयकार्डाची पट्टी असलेल्या, इंग्रजीत फोनवर बोलणाऱ्या माणसाला? त्याने तक्रार केली तर नोकरी जाईल. तो थांबवतो ज्याची तक्रार कुणी ऐकणार नाही त्याला. जेवणाचं पार्सल घेऊन आलेला पोरगा. साफसफाईच्या मावशी. कुरियरवाला. लांब दाढीवाला. मळक्या शर्टातला गावाकडचा माणूस.

आमच्या दारात मी हे बघितलंय. माझ्या पुढे सहा जण वाजत गेले, मी वाजत गेलो, आणि माझ्या मागच्या पार्सलवाल्या पोराला बाजूला घेऊन त्याची पिशवी जमिनीवर रिकामी करायला लावली. कांद्याच्या फोडींचं पुडकं बाहेर पडलं. तो चिडलाही नाही. त्याला सवय होती. चिडायला हवं होतं आम्ही सात जणांनी, पण आमची लिफ्ट आली होती.

सेटिंगचा प्रश्न हा असा शेवटी माणसांचा प्रश्न होतो. नीट लावलेलं यंत्र जात बघत नाही, कपडे बघत नाही, गळ्यातली पट्टी बघत नाही. ते व्हाइस प्रेसिडेंटलाही वाजतं आणि मावशींसाठी गप्प बसतं. यंत्राची एवढी एकच खरी मोठी गंमत आहे, आणि आपण सेन्सिटिव्हिटीचा नॉब टोकाला नेऊन नेमकी तीच घालवली. उरला तो फक्त आपला जुना, ओळखीचा, चेहरा बघून माणूस ठरवायचा धंदा. फरक इतकाच, की आता त्याला मागून पीं पीं असं पार्श्वसंगीत आहे.

दुसऱ्या महायुद्धात रडारवर बसणाऱ्या माणसांसाठी एक आलेख जन्माला आला. मशीन लर्निंगवाले त्याला आज आरओसी कर्व्ह म्हणतात. तो सांगतो की खरं पकडणं आणि खोटं वाजणं ही एकाच दोरीची दोन टोकं आहेत. एक ओढलं की दुसरं येणारच. कुठे थांबायचं हे यंत्र सांगत नाही, ते माणसाने ठरवायचं असतं आणि त्या निर्णयाखाली सही करायची असते. 'आम्ही पिस्तूल शोधतो, किल्ली सोडून देतो' असं कागदावर लिहायला धैर्य लागतं, कारण उद्या काही झालं तर विचारणार तुम्हालाच. सगळ्यांसाठी वाजणारं यंत्र ही त्या सहीपासूनची पळवाट आहे. "आमचं मशीन तर वाजलं होतं साहेब, गार्डने लक्ष दिलं नाही." झालं. महिना कसाबसा पगार मिळवणाऱ्या माणसाच्या गळ्यात सगळं बांधून वरचे मोकळे.

म्हणून सोमवारी आपापल्या हापिसात, सोसायटीत, देवस्थानच्या ट्रस्टला तीन प्रश्न विचारा. मेलवर विचारा, म्हणजे उत्तर लेखी येईल. एक, हे मशीन नेमकं काय पकडण्यासाठी लावलंय? दोन, टेस्ट पीस कुठे आहे आणि तो शेवटचा कधी फिरवला? तीन, बॅग ठेवायला टेबल का नाही?

तिन्हींची उत्तरं मिळाली तर उत्तम, ट्रेमध्ये किल्ली ठेवायला मी आनंदाने रांगेत उभा राहीन. नाही मिळाली, तर मशीनचा प्लग काढायला सांगा. निदान वीज वाचेल, मामांच्या कानांना आराम मिळेल, आणि दारात कुणी काही तपासत नाही हे सगळ्यांना स्पष्ट दिसेल. ते दिसलं तरच कुणीतरी काहीतरी करेल.

असो. या आठवड्यात दारात उभं राहून मोजाल तेव्हा आकडे जरूर कळवा. किती गेले, किती वाजले, कुणाला थांबवलं. तिसऱ्या रकान्यात फक्त आकडा लिहू नका. तो माणूस कोण होता, हेही लिहा.